मौनीकाकांचं अंतर्ज्ञान

डॉक्टरांची फेरी संपली की कर्करोगाच्या वॉर्डातली माणसं आपापले सलाइनचे स्टँड ढकलत खिडकीजवळच्या खुर्चीकडे निघायची. खुर्चीत मौनीकाका. आमच्यासारखेच धीर द्यायला येणारे स्वयंसेवक, छातीवर तोच निळा बिल्ला. फरक एवढाच, की आम्ही रुग्णांचं ऐकायचो आणि काका न ऐकताच सगळं जाणायचे. मनगट धरायचं, डोळे मिटायचे, आणि हळूच...

"धाकट्या भावाची जमीन लुबाडलीस ना रे?"

हॉटेलवाला ढसाढसा रडला होता.

"ते पाप म्हणजेच ही गाठ. औषधानं पाप धुतलं जातं होय? माझ्या निवासात ये."

तो गेला. परत आला तो स्ट्रेचरवर, आणि दुपारपर्यंत त्याची खाट रिकामी झाली. काका म्हणाले, "श्रद्धा कमी पडली." कसला सोयीचा हिशेब! बरा झाला तर जमा काकांच्या नावावर, मेला तर खर्च त्याच्या.

आता पाळी शिंपीणबाईंची होती. गाठ निम्मी झाली होती. राहिलेले डोस घेतले तर बरी आशा आहे, असं डॉक्टरीणबाई जीव तोडून सांगत होत्या. आणि नवरा काकांच्या निवासात जायला बॅग भरत होता. शिंपीणबाई मला म्हणाल्या,

"अहो ताई, सासूबाईंनी शेवटचं पाणी मागितलं आणि मी मशीनवरून उठले नाही, हे काकांना कसं कळलं? मी जन्मात कोणाला सांगितलेलं नाही!"

"मला सांगितलंत की. ह्याच खाटेवर."

"अहो, तुम्ही काय परक्या?"

मी गारच पडले. ऐकणारा माणूस मोजणीत धरलाच जात नाही! आणि आमची रीत अशी, की काम संपल्यावर आम्ही स्वयंसेवक गोल करून बसायचो. ऐकलेलं दुःख घरी नेऊ नये म्हणून तिथेच ओतायचं. नाव घ्यायचं नाही, हा नियम. पण 'शिवणकाम करणारी बाई' म्हटल्यावर नाव हवंय कशाला? त्या गोलात मौनीकाका कधी बोलत नसत. डोळे मिटून बसत. आम्ही समजायचो, ध्यान लागलंय.

त्या दिवशी गोलात मी डोळ्यांना पदर लावला. "त्या शिवणकामवाल्या बाई फार खचल्यात. भावाशी अबोला होता, तो तसाच गेला."

काकांची पापणीही हलली नाही.

दुसऱ्या दिवशी बॅग दाराशी तयार होती. मी डॉक्टरीणबाईंना थांबवून घेतलं. काकांनी शिंपीणबाईंचं मनगट धरलं.

"तुझ्यामागे कोणी उभं आहे... भाऊ. अबोल्यातच गेला ना गं? म्हणतोय, तायडे, ह्या सुया टोचून घेऊ नकोस."

शिंपीणबाईंनी दचकून मागे पाहिलं. मग काकांकडे.

"कोणाचा भाऊ?"

"तुझा."

"आम्ही पाच बहिणीच. भावाची वाट बघून आईबाप थकले, तो आज उगवला होय?"

कोणीतरी फिसकन हसलं. काका शांत. "मागच्या जन्मीचा."

"कालचाच आहे, काका," मी म्हणाले. "आपल्या गोलात मीच जन्माला घातला आणि मीच मारला. सासूबाईंचं पाणी, हॉटेलवाल्याची जमीन, सगळं तिथलंच."

काकांनी डोळे उघडले. इतक्या दिवसांत ते उघडे मी पहिल्यांदा नीट पाहिले. त्यांत ना राग होता, ना लाज. बिल्ला काढून त्यांनी खिडकीत ठेवला आणि ते चालू लागले.

"अहो, बॅग सोडा ती," शिंपीणबाई नवऱ्याला म्हणाल्या आणि डॉक्टरीणबाईंपुढे त्यांनी सुईसाठी हात धरला.

कोपऱ्यातल्या खाटेवरचे मास्तर मात्र चपला शोधत होते. "पण माझं तर अगदी खरं ओळखलं होतं त्यांनी!"

"खरंच होतं, मास्तर. पण तुम्ही ते आधी कोणाला सांगितलं होतंत?"

मास्तरांना चपला सापडल्या. ते काकांच्या मागे गेले.

आमचा गोल आता मोडला. काका मात्र दुसऱ्या कुठल्या गोलात डोळे मिटून बसले असतील. म्हणून सांगते: मनातलं ओळखणारा भेटला, तर मनगट देण्याआधी आठवा, हे मी कोणापाशी बोललो होतो? पापाची गाठ होत नाही. गाठ पेशींची असते. रडावंसं वाटलं तर खुशाल रडा, पण औषध सोडू नका.