पहिल्या हसण्याचं जेवण

पापड करकन मोडला आणि एल्सी हसली.

शैलजामावशींनी दुपारच्या खिचडीबरोबर भाजलेला पापड केयासाठी मोडला होता, इतकंच. पण शेजारच्या झुलत्या खुर्चीत तीन महिन्यांची एल्सी पडली होती. तिच्या कपाळावरची आठी पाहून मावशी तिला ‘जज्जसाहेब’ म्हणायच्या. तीच बया तोंड उघडून, पोट हलवून खळखळून हसली. मावशींनी खात्रीसाठी आणखी एक पापड मोडला. ती पुन्हा हसली.

“शी लाफ्ड, मावशी,” तीन वर्षांची केया म्हणाली.

“हो गं बाई. पण कुणाला सांगायचं नाही हं.”

अमेरिकेतल्या कॅरी गावच्या त्या घरगुती पाळणाघराचा हा कायदाच होता. तिथे आजवर एकाही मुलाने पहिलं पाऊल टाकलेलं नाही, पहिला शब्द काढलेला नाही. म्हणजे टाकायची तिथेच, पण मावशी तोंडातून ब्र काढत नसत. दिवसभर लॅपटॉपपुढे मान मोडून आलेल्या आईला त्या दारात नुसतं म्हणत, “आज उभं राहायची फार खटपट चालली होती हं, घरी लक्ष ठेव.” मग संध्याकाळी व्हिडिओ यायचा, ‘मावशी, फर्स्ट स्टेप!’ आणि मावशी जणू पहिल्यांदाच पाहिल्यासारखं कौतुक करायच्या. स्वतःला मूल नाही, आणि दुसऱ्यांच्या मुलांचं पहिलंवहिलं असं गुपचूप ज्याचं त्याला परत करत राहायचं. एवढं मोठं मन आणायचं कुठून, सांगा.

संध्याकाळी एल्सीची आई, कायला यझी, तिला न्यायला आली. हॉस्पिटलात नर्स होती ती, नवाहो जमातीची. तिचे लोक तिकडे दूर ॲरिझोनात, जमातीसाठी राखून ठेवलेल्या मुलखात, रिझर्वेशनवर. इकडे त्यांच्यासारखी मूळ रहिवाशांची दोनचारच घरं.

“मिस शैलजा, हसली का हो आज ही?”

“छे. पण ओठ हलवत होती, लक्ष ठेव,” मावशींच्या तोंडून सवयीने गेलं.

कायलाचा जीव भांड्यात पडला. “बरं झालं. शनिवारी माझी आई येतेय. तिला स्वतःला हसवायचंय हिला.” बाळाला गाडीच्या सीटमध्ये बसवता बसवता ती सांगत राहिली. “आमच्यात बाळाला जो पहिल्यांदा हसवतो, त्याने जेवण घालायचं. बाळाच्या हाताने सगळ्यांना मीठ द्यायचं, म्हणजे तिचा हात जन्मभर देता राहतो. हसवणाऱ्याचा स्वभावही बाळात उतरतो म्हणतात. माझं हे झालंच नाही. आई तेव्हा रिझर्वेशन सोडून फीनिक्सला मोटेलच्या खोल्या साफ करायची. मला सांभाळणाऱ्या बाईला तिने विचारलं, हसली का? तर ती म्हणाली, ही तर केव्हापासून रोजच हसते. आईला ते अजून लागतं.”

गाडी गेली तरी मावशी दारातच उभ्या होत्या.

“मग आता सांगूच नकोस ना,” जेवताना सगळं ऐकून मावशींचे यजमान उल्हासकाका म्हणाले. “आजी येतील, हसवतील, सगळे हॅपी. पापड थोडाच साक्ष द्यायला जातोय?”

“तुम्हाला मेली सगळी थट्टाच. अहो, श्रद्धा त्यांची. त्या बिचाऱ्या एवढ्या लांबून येऊन जेवण घालणार, आणि त्याच्या मुळाशी माझी थाप?”

“पण आयांना कळू द्यायचं नाही, हा नियम तुझाच ना?”

सांगावं तर त्या आजीचं तेच दुःख पुन्हा उकरून काढायचं, आणि न सांगावं तर तिला फसवायचं. ताटातला भात तसाच राहिला.

शनिवारी त्या कायलाच्या अपार्टमेंटवर गेल्या. आजी येऊन पोचली होती. ठेंगणी, शांत चेहऱ्याची, करड्या केसांचा घट्ट बुचडा बांधलेली. कार्पेटवर बसून, एल्सीला मांडीवर घेऊन ती गाल फुगवत होती, जीभ बाहेर काढत होती. जज्जसाहेब आठी घालून बघत होते. आणखी थोडं थांबलं तर एल्सी हसेल, आणि मग आपल्याच्याने बोलवणार नाही, हे मावशींना कळत होतं.

“ती हसलीय,” त्या म्हणाल्या. “मंगळवारी. माझ्याकडे.”

“पण तुम्ही तर नाही म्हणालात,” कायला म्हणाली.

मावशींनी सगळं सांगितलं, पापडासकट. “आयांना आपलं काही हुकलं असं वाटू नये, म्हणून मी बोलत नाही. तुमच्याकडे याला एवढं मोल आहे, हे ठाऊक नव्हतं मला. चुकलं माझं.”

कायला स्वयंपाकघरात निघून गेली. आजी बाळाच्या जावळावरून हात फिरवत राहिली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते तिने लपवले नाहीत.

“विमानात सबंध वेळ मी हिला कसं हसवायचं तेच ठरवत होते,” ती म्हणाली. “हेही हुकलं माझं.”

मावशींना धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

“त्या फीनिक्सच्या बाईने मला जाता जाता सांगितलं होतं,” आजी म्हणाली. “तू मुद्दाम दार वाजवून सांगायला आलीस.” आणि तिने एल्सीला उचलून मावशींच्या हातात दिलं. “जेवण आता तुला घालावं लागेल.”

“मी? अहो, आजी तुम्ही. मी कोण, परकी.”

“हसली कुणामुळे?”

इतकी मुलं मावशींच्या मांडीवर वाढली, पण असं काही म्हणायची वेळ त्यांनी स्वतःवर कधी येऊ दिली नव्हती.

“माझ्यामुळे,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी जेवण मावशींच्या घरी झालं. आजीने सकाळपासून मटण शिजवलं, मावशींनी मसालेभात केला. कायला अजून बेताचंच बोलत होती, पण सगळ्यांच्या आधी येऊन तिने टेबलं मांडली. त्यांची ती दोनचार घरं आली, पाळणाघरातली मुलं आली. आजीने ॲरिझोनाहून आणलेलं खडेमीठ एका टोपलीत ओतलं आणि टोपली मावशींपुढे ठेवली.

मावशी एल्सीला घेऊन बसल्या. त्यांनी शेजारची खुर्ची आजीसाठी ओढली, पण ती बसली नाही. पाहुण्यांच्या रांगेत सर्वांत पुढे जाऊन उभी राहिली. मावशींनी एल्सीच्या मुठीत मीठ ठेवलं आणि मूठ अलगद उघडली. आजीने ओंजळ पुढे केली. पडलेले खडे तिने तोंडात टाकले आणि मागच्यांना जागा द्यायला ती बाजूला झाली.