चौंडक्यातली हाक

दोन लेकरं दोन अंगांना झोपली की छबुबाई चौंडकं काखेत घ्यायची आणि त्याची आतड्याची तार, तात, ताणून सूर काढायची. एक लेकरू पोटचं, दुसरं शिवकन्येचं. दूध दोघांना एकच. शिवकन्या तिची चुलत बहीण. बाळंतपणात गेली, त्याला वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाला तिच्या नावानं एक चाल बांधा, असं तिच्या सासऱ्यांनी, सुंदररावांनी सांगितलं होतं. पेटीवर छबूचा नवरा बद्रीनाथ, चौंडक्यावर छबू.

"पर बोल घालू नगा," सुंदरराव ओट्यावरून म्हणाले. "बोल आले की बाया नगं ते बोलत्यात. नुस्ता सूर."

"बरं, मामा," छबू म्हणाली, आणि घरी येऊन तिनं चुलीत लाकूड असं कोंबलं की ठिणग्या पदरापर्यंत आल्या.

नगं ते म्हणजे काय, हे गावाला ठाऊक होतं. त्या रात्री सुईण दूर सिरसाळ्याला होती. गाडी दारात, बैल दावणीला. पण अवस होती. "आवसेला आमच्यात बैल जुंपत न्हाईत," म्हणून सुंदरराव उंबऱ्यात आडवे बसले. छबू हात धरून होती, तरी शिवकन्या "बाये गं" म्हणून हाका मारत राहिली. आवाज वर चढायचा, फाटायचा, घसरत खाली यायचा. पहाटे लेक रडली आणि आई गप झाली.

छबूनं तीच हाक चालीत बांधायला घेतली, पण पेटीवर ती बसेना.

"आगं, दोन पट्ट्यांच्या मधी सूरच न्हाई," बद्रीनाथ वैतागला.

"मग तुमी एकच पट्टी दाबून धरा. भाता थांबवू नगा. बाकीचं माझी तात बघंल."

"मामा खवळतील, छबे. लेकरू काढून नेलं तर?"

छबूनं शिवकन्येच्या निजलेल्या लेकीच्या टाळूवर ओठ टेकले. "आन् उद्या हिनंच इचारलं, माझी आय कशी गेली? देवानं नेली म्हनू? देवानं बैल आडवले व्हते का?"

बद्रीनाथनं पेटीचा भाता उघडला.

श्राद्धाच्या दुपारी पंगत उठली. बद्रीनाथनं पट्टी दाबली. छबूनं तात ताणली, सैल सोडली, पुन्हा ताणली. सूर चढला, फाटला, घसरत खाली आला.

सुंदररावांच्या बायकोनं, साखराबाईनं, हातातली कळशी खाली ठेवली. "आगं बया, ही तर सूनबाईची हाक!"

"बंद कर, छबे!" सुंदरराव गरजले.

"बोल कुठं घातलाय, मामा? तुमीच म्हनलाव की, नुस्ता सूर."

गडी धोंडीराम खांबाला टेकून उभा होता. "म्या जू उचललं व्हतं, मालक," तो म्हणाला. "तुमी हातातनं काढून घेतलं."

त्याला कुणी गप केलं नाही. सुंदरराव उठले. पायताण सापडेना, तसेच अनवाणी गोठ्याकडे निघाले. बद्रीनाथनं पट्टी सोडली नाही.

छबूनं तात आणखी ताणली. सुरातल्या त्या रात्रीची पहाट व्हायला अजून अवकाश होता.