हिकरीचे दांडे आणि ओले पाय

होबर्टने खुर्ची केली आहे हे कळलं तेव्हा व्हर्डी आधी हसली आणि मग विचारात पडली. साठीला आलेला विधुर, जन्मभर कुऱ्हाडीचे दांडे तासलेला, तो शेजारच्या विधवेसाठी खुर्ची करतो. आणि तीही अशा विधवेसाठी, जिचं पोटच खुर्च्या करण्यावर चालतं! त्याच्या मनात काय आहे ते त्यांच्या डोंगरी खोऱ्यातल्या खेचरांनाही समजलं होतं. तोंडाने विचारायचं मात्र त्याला जमत नव्हतं. त्याने विचारावं असं व्हर्डीला फार वाटत होतं आणि या वयात असं वाटतं याची तिला लाजही वाटत होती.

लाकूड तर नामी होतं. कड्यावरची एक हिकरी, अक्रोडाच्या जातीचं चिवट झाड, इतक्या अवघड जागी उभी होती की पिढ्यान् पिढ्या तिला कुणी कुऱ्हाड लावली नाही. मार्चच्या वाऱ्याने ती आडवी झाली, तेव्हा होबर्टने पाचर मारताच बुंध्यापासून शेंड्यापर्यंत सरळ उकलली. आत जवळजवळ सगळा लाल गाभा. व्यापाऱ्यांना दांडे पांढरेच लागतात, म्हणून होबर्टसारखे लोक लाल लाकूड डुकराच्या मांसाला धुरी द्यायला जाळून टाकत. लाल काही पांढऱ्याहून कच्चं नसतं, असं व्हर्डी वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडत आली होती. या वेळी होबर्टने तिचं ऐकलं आणि खुर्चीचे सगळे आडवे दांडे लाल हिकरीचे केले.

मे महिन्यात चर्चच्या जेवणाला त्याने ती खुर्ची सगळ्यांदेखत तिच्यापुढे ठेवली. व्हर्डी बसली. खुर्ची हूं की चूं करेना. होबर्टची छाती फुगली.

पण शरद आला, घरातला स्टोव्ह पेटला आणि खुर्ची कुरकुरू लागली. गोड ज्वारीच्या रसाची काकवी उकळायच्या दिवशी व्हर्डीची नणंद ऑली अंगणात आणलेल्या त्या खुर्चीत टेकली. ऑली म्हणजे काही पिसासारखी बाई नव्हे. आडवा दांडा खुर्चीच्या पायातून निसटला आणि ऑली काकवीच्या वाडग्यासकट जमिनीवर आली. सगळं अंगण हसलं. होबर्ट टोपी तिथेच विसरून घरी गेला आणि पुन्हा फिरकलाच नाही.

व्हर्डीने खुर्ची सुटी करून पाहिली. दांडे निर्दोष होते, पण उभे पायही कडकडीत वाळलेले. मग तिला उलगडा झाला. कुऱ्हाडीचं लोखंड आकसत नाही, म्हणून दांडा माळ्यावर वाळवूनच बसवायचा, हा होबर्टचा धर्म. तोच त्याने खुर्चीला लावला होता. खुर्चीत दांडा सुका लागतो आणि पाय ओला, ताज्या तोडलेल्या लाकडाचा. पाय सुकताना आकसतो, दांड्याला धरतो, मग खिळा नको की सरस नको.

तिने मेपलचे चार ओले पाय तासले, भोकं पाडली आणि सगळं घेऊन ती त्याच्याकडे गेली. होबर्टने मान वर केली नाही.

"हसायला आलीस?"

"हसून झालं घरी. आता ठोकायला आलेय. तुझे दांडे माझ्याहून सरस आहेत रे. पाय तेवढे तू नको तितके वाळवलेस."

तिने सगळं समजावलं. त्याने तिसऱ्यांदा तेच विचारलं, दांडे खरंच चांगले आहेत का. तिने तिसऱ्यांदा हो म्हटलं. मग ती धरत गेली आणि तो मोगरीने ठोकत गेला. शेवटचा दांडा बसल्यावरही त्याने मोगरी खाली ठेवली नाही.

"घट्ट व्हायला किती दिवस?"

"हिवाळा जाईल. स्टोव्हपासून जरा लांब ठेव, सावकाश सुकू दे."

"मला नाही कळायचं लांब म्हणजे किती ते," होबर्ट मोगरीकडे बघत म्हणाला. "तू इथेच राहा ना, व्हर्डी. पाद्रीबाबांना सांगतो मी रविवारी."

व्हर्डीचे डोळे भरून आले आणि आपल्याच डोळ्यांचा तिला रागही आला.

"मेल्या, मला वाटलं, हे विचारणंही तू माळ्यावर वाळत घातलंयस," ती म्हणाली. "रविवार कशाला? आजच सांग."