हवेच्या पाइपातला टी

“पटायचं न्हाई सिस्टर, कुनालाच पटायचं न्हाई,” बालाजीचा मोडलेला हात कोपरापाशी तोलून धरत ग्यानबा मिस्त्री म्हणाला. “पर संडासाच्या पाइपानं माझ्या जावयाला उचलून आपटलं.”

हुमनाबादच्या दवाखान्यात नेत्रावती सिस्टरनं केसपेपरवर पेन टेकवलं होतं. मार कशानं लागला, एवढंच लिहायचं राहिलं होतं. मारहाण लिहिली की पोलीस येणार, हे ग्यानबा पुरतं जाणून होता.

“पाइपानं?”

“व्हय. हळ्ळीखेडात बसव्वाक्काच्या गच्चीवर काम चालू हुतं. टाकीतला वास वर काढायचा हवेचा पाइप. ह्यानं त्यात टी, तीन तोंडांचा जोड, बसिवला उलटा, वळण आभाळाकडं. खाली गॅस कोंडला आन् धाडकन उडाला. तीन पारव्यांच्या माना जागच्या जागी मुरगळल्या. टाकीचं झाकण पार निर्णा गावच्या शिवारात एका म्हशीचं शिंग छाटून गेलं. ह्यो कठड्यावर आदळला. हाड भाईर आलं, तरी बोंबलला न्हाई. जावई कुनाचा?”

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा हसला. सिस्टरलाही हसू आवरेना. ग्यानबाला तेवढंच पुरे होतं. स्फोट केवढा झाला ते दाखवायला त्यानं उजवा हात वर उचलला.

बालाजीनं झटकन मान खांद्यात ओढली. पट्टीतून रक्ताचा ताजा डाग पसरला. तो भिंतीकडेच बघत राहिला.

“भ्यालाय अजून,” हात खाली घेत ग्यानबा म्हणाला. “लिवा, गॅसच्या स्फोटानं.”

“अप्पा.”

दारात त्याची लेक अंबिका उभी होती. नवऱ्याचा हात मोडल्याचं कळताच ती आधी त्या गच्चीवर गेली होती, आणि तिथून सरळ इकडं आली होती.

“सांडपानी खाली जातं, तिथं टीचं वळण खाली. हवा वर जाती, तिथं वळण वर. मला तुमीच शिकिवलं हुतं. ह्यांनी बरूबर बसिवलाय.”

“मग उडाला कामून?”

“कायबी उडालं न्हाई. टी हाय तसा हाय, झाकन टाकीवर हाय. मालकिनीसमोर ह्यांनी तुमची चूक काढली. बसव्वाक्कानं समदं बघितलंय.”

ग्यानबानं बालाजीकडं पाहिलं. बालाजीनं डोळे मिटून घेतले.

अंबिका सिस्टरकडं वळली.

“लिवा. पाइप आवळायच्या लोखंडी पान्यानं मारलंय. एकदा न्हाई, दोनदा. मारनाऱ्याचं नाव ग्यानबा.”