गुन्ह्याच्या कामी वापरलेली घोंगडी

मी एक घोंगडी आहे. काळ्या लोकरीची, जाडजूड, दोन्ही काठांना पांढरी किनार असलेली. माझ्या एका कोपऱ्याला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली आहे आणि गाठीवर लाल लाख ओतली आहे. चिठ्ठीवर इंग्रजी अक्षरं आहेत. मला मुद्देमाल म्हणतात. सोलापुरात एका सरकारी कचेरीच्या मागच्या खोलीत कुऱ्हाडी, फोडलेली कुलपं आणि रक्ताचे डाग वाळलेली धोतरं यांच्यात मी आठ वर्षं पडून आहे. शेजारच्या कुऱ्हाडीनं निदान कुणाला तरी मारलं होतं. मी आगगाडी थांबवली होती.

माझा जन्म कुंभारीचा. सिद्धाप्पा धनगराच्या मेंढरांची लोकर दसऱ्याच्या सुमाराला कातरली आणि त्याच्या बायकोनं, फुलाबाईनं, ती सगळा हिवाळा कातली. मेंढरांमागं चालताना तिचा एक हात चातीवर असायचा. ते सूत तिनं गावात घोंगड्या विणणाऱ्या गुरुलिंग सनगराकडं नेऊन दिलं. म्हातारा गुरुलिंग कानडी आणि मराठी एकाच वाक्यात बोलायचा. त्यानं मला चिंचोक्याची खळ लावली, मागावरून उतरवली आणि फुलाबाईच्या हातात देत म्हणाला, "यव्वा, धा वर्सं हिच्यातनं पानी आत याचं न्हाय बग."

सिद्धाप्पा मला खांद्यावर टाकून रानात जायचा. पाऊस आला की माझी खोळ व्हायची, दमला की अंथरूण व्हायचं. गावात काही तंटा झाला की देवळापुढं पंचांना बसायला मलाच पसरत. ती पंचायत काही सोन्याची नव्हती. पाटलाच्या मेव्हण्यानं कुणाचं पीक चारलं तर ते कधीच कुणाला दिसायचं नाही. पण एक होतं. ज्याच्यावर आळ असायचा तो माझ्यासमोरच उभा असायचा आणि त्याच्याबद्दल काय बोलणं चाललंय ते त्याला कळायचं. चूक वाटलं तर तो ओरडून सांगायचा. गुरुलिंग त्या पंचांपैकीच एक. कोण किती वेळ ओरडला, यावरून खरं कोण बोलतोय ते मला समजतं, असं तो म्हणायचा.

सन एकोणीसशे तीसचा उन्हाळा. सोलापूर शहरात चौक्या जळाल्या, गोळ्या सुटल्या, लष्कर उतरलं. डोक्यावर पांढरी गांधीटोपी दिसली की माणसाला धरत होते. सिद्धाप्पाच्या डोक्याला पटका. त्याला वाटायचं, हे शहरातलं प्रकरण आहे, आपला काय संबंध? मृगाच्या तोंडावर एके सकाळी तो मेंढरं घेऊन होटगीच्या अलीकडं रूळ ओलांडत होता. मेंढरं पार झाली आणि तो थबकला. दोन रूळ जिथं जोडतात तिथली लोखंडी पट्टी लोंबत होती. एक बोल्ट खाली खडीत पडलेला. कुणी काढला की आपोआप सुटला, ते आजपर्यंत कुणाला कळलेलं नाही. सिद्धाप्पानं वाकून खडी उकरली, बोल्ट बाहेर काढला, हातात धरून बघितला. तेवढ्यात होटगीकडून शिटी ऐकू आली.

त्यानं मला खांद्यावरून ओढलं आणि रुळांमधून गाडीच्या दिशेनं पळत सुटला. मी त्याच्या डोक्यावर गरगर फिरत होते. तो ओरडत होता, "थांबा! आरं थांबा की!" इंजिन मोठं मोठं होत गेलं. मला वाटलं, आता आम्ही दोघं चाकाखाली जाणार. चाकांतून ठिणग्या उडाल्या, लोखंड किंचाळलं आणि इंजिन आमच्यापासून दहा पावलांवर येऊन थांबलं. डब्यातून माणसं उतरली, सांधा बघून आली. एका म्हातारीनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. गार्डसाहेब आले तेव्हा सिद्धाप्पानं मूठ उघडून बोल्ट पुढं केला. "सायेब, ह्ये बगा. सांदा सुटलाय."

गार्डानं आधी बोल्टाकडं बघितलं, मग त्याच्याकडं. त्या दिवसांत रुळाजवळ हातात बोल्ट घेऊन उभा असलेला माणूस म्हणजे काय, ते गार्डाच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं. सांधा जोडला, गाडी निघून गेली. म्हातारीही गेली. सिद्धाप्पाला मात्र खाली बसवून ठेवलं. दुपारी पोलीस आले आणि त्यांनी पंचनामा केला: बोल्ट एक, काळी घोंगडी एक. मेंढरं तशीच रानात उभी होती.

आठवडाभरानं त्याला एका मॅजिस्ट्रेटपुढं जबानीला उभं केलं. मी गठडी होऊन टेबलावर होते. मधले आठ दिवस त्याला काय काय सोसावं लागलं ते मी पाहिलं नाही, पण तो उजव्या पायावर भार देत नव्हता. कारकून लिहून घेत होता.

"बोल्ट तुझ्याकडं कसा आला?"

"म्या काडला की, सायेब. खडीतनं काडला. पडल्याला हुता."

कारकुनाचा बोरू कागदावर चालला. शहरातला माणूस, त्याला सिद्धाप्पाचं अर्धं बोलणं कळत होतं, अर्धं तो जुळवून घेत होता. त्यानं लिहिलं, 'बोल्ट मी काढला.' खडी तेवढी कागदावर उतरली नाही. मुद्दाम गाळली की घाईत राहिली, देव जाणे. जबानी वाचून दाखवली ती इतक्या भरभर, की मी कान देऊन ऐकत होते तरी मला शेवटचा शब्दच कळला. सिद्धाप्पाचा अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवला. पुढं त्या मराठीचं इंग्रजी झालं. इंग्रजीत 'काढला' याला एक शब्द नाही म्हणे. पडलेलं उचलून काढणं वेगळं आणि घट्ट बसलेलं पिळून काढणं वेगळं. भाषांतर करणाऱ्यानं पिळून काढण्याचा शब्द निवडला.

श्रावणात मोठ्या कोर्टात खटला उभा राहिला. लष्कर तोवर शहरातून उठलं होतं. जज्ज गोरे होते. ते काही दुष्ट माणूस नव्हते, हेच मला अजून सलतं. आवाज चढवत नव्हते. सिद्धाप्पाचा पाय दुखतो हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्याला बसायला स्टूल द्यायला लावलं. पण सगळं इंग्रजीत चाललं होतं. सिद्धाप्पा स्टुलावर बसून बोलणाऱ्यांच्या ओठांकडं बघत होता, जणू मुका बहिरा. फाशीचा खटला असता तर सरकारनं वकील दिला असता. हा तेवढा मोठा खटला नव्हता, म्हणून वकील नव्हता.

दुभाष्यानं विचारलं, "गाडीतले लोक तुझी वाहवा करत होते म्हणतोस. त्यांची नावं सांग, साक्षीला बोलावू."

"नावं कशी इचारणार? गाडी गेली की."

"मग तुझ्या बाजूनं साक्षीदार नाही."

"एक म्हातारी हुती. हिरवं लुगडं."

मागच्या बाकावर फुलाबाई आणि गुरुलिंग बसले होते. दुभाष्यानं जबानी मराठीत वाचली तेव्हा सिद्धाप्पा पहिल्यांदा उठून उभा राहिला. "खडीतनं म्हनालो हुतो मी! खडीतनं!" गुरुलिंगही उठला. "सायेब, आमच्याकडं काडलं म्हंजी उचाललं बी हुतंय. मी सांगतो की!" पट्टेवाल्यानं दंड धरून त्याला बाहेर काढलं. म्हाताऱ्यानं उभ्या जन्मात देवळापुढं किती ओरडणाऱ्यांचं ऐकून घेतलं होतं. इथं ओरडणं हाच गुन्हा होता. जज्जांनी शांतपणे विचारलं, कागदावरचा अंगठा तुझा आहे की नाही? सिद्धाप्पानं आपल्या अंगठ्याकडं बघितलं. "हाय," म्हणाला.

जज्जांच्या शेजारी शहरातले दोन गृहस्थ बसवले होते, त्यांना असेसर म्हणतात. एक शुक्रवार पेठेतले कापडाचे व्यापारी, दुसरे पेन्शनीतले मास्तर. सगळं ऐकून दोघांनी मत दिलं, हा माणूस निर्दोष आहे. फुलाबाईनं हात जोडले. तिला वाटलं, पंचांनी सांगितलं, सुटला. पण असेसरांचं मत ऐकून घ्यायचं असतं, मानलंच पाहिजे असं कायद्यात नाही. जज्जांनी लिहिलं, यानंच सांधा सोडला आणि मग भीती वाटून गाडी थांबवली. सात वर्षं सक्तमजुरी. मराठीत सांगायला दुभाष्याला चार शब्द पुरले.

त्याला नेताना तो माझ्याजवळून गेला. थांबू दिलं नाही.

तिसऱ्या वर्षी तुरुंगात तापाची साथ आली. सिद्धाप्पा गेल्याचं कार्ड पाटलाकडं आलं ते पंधरा दिवसांनी. मातीही तिकडंच झाली. हे मला कळलं फुलाबाईच्या तोंडून. ती गुरुलिंगला घेऊन इथं आली आणि या कचेरीतल्या कारकुनापुढं उभी राहिली.

"माज्या धन्याची घोंगडी द्या."

"कशाला?"

"त्येचं मढं काय मला बगायला मिळालं न्हाय. माती द्यायला कायतरी पायजे. ही घोंगडी पुरीन म्हंते, त्येच्या जागी."

कारकून म्हणाला, अर्ज करा. अर्ज झाला. मग म्हणाला, तू त्याची बायको कशावरून? ती म्हणाली, सगळा गाव जेवून गेला की लग्नाला. गावाचा दाखला आणा. दाखला आला, त्यावर शिक्का नव्हता. शिक्का आला तोवर साहेब बदलून गेले. कुंभारीहून ती चालत यायची. दोन उन्हाळे असे गेले. दरवेळी मी दाराच्या फटीतून तिचा आवाज ओळखायचे. दरवेळी तो थोडा बारीक झालेला असायचा.

अखेर हुकूम निघाला. मला खोलीतून बाहेर आणून टेबलावर टाकलं. फुलाबाईनं माझ्यावर हात ठेवला. तिची बोटं सुताचा पीळ तपासत काठापर्यंत गेली. मी तिच्या घरी जाणार होते. मातीखाली जाणार होते, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

कारकुनानं एक छापील कागद पुढं सरकवला. "इथं अंगठा कर. पावती आहे."

तिनं हात मागं घेतला. "काय लिवलंय?"

"घोंगडी मिळाली, एवढंच."

"समदं वाचा. सावकाश वाचा. मला समजंल असं."

कारकून वैतागला, पण वाचू लागला. "आरोपी मयत सिद्धाप्पा यानं गुन्ह्याच्या कामी वापरलेली घोंगडी मला पोचली."

फुलाबाईनं कागद मागं सरकवला. "गुन्ह्याच्या न्हाय," ती म्हणाली. "हिनं गाडी वाचिवली. तसं ल्ह्या."

"बाई, हा छापील नमुना आहे. सगळ्यांना हाच. मला एक अक्षर बदलता येत नाही."

"मग मी अंगटा देत न्हाय."

गुरुलिंगनं तिचा खांदा धरला. "यव्वा, कागूद हाय नुसता. कोन वाचतंय? घिऊन चल त्येला घरला."

"त्येचा अंगटा बी नुसत्या कागदावरच हुता, मामा."

म्हाताऱ्यानं तिचा खांदा सोडला. फुलाबाईनं माझी घडी घातली, नीट, काठाला काठ जुळवून, घरी घालायची तशी. मग मला टेबलावर ठेवून ती वळली आणि व्हरांड्यातून चालत गेली. कारकुनानं पावतीवर 'नेली नाही' असं लिहिलं आणि मला परत आत टाकलं. त्यानंतर ती आली नाही.

आज सकाळी हमालानं खोलीत यादी वाचली. जुना, निरुपयोगी, दावेदार नसलेला मुद्देमाल उद्या मागच्या आवारात जाळायचा आहे. माझा नंबर त्यात आहे. लोकर लवकर पेटत नाही, धुमसत राहते. हमालाचे डोळे चुरचुरतील, तेवढा त्रास मला माफ करा.

माझं एक काम कराल? कधी कुंभारीकडं गेलात तर फुलाबाईचं घर विचारा. मला सोडून गेली म्हणून ती स्वतःला बोल लावत असेल. तिला सांगा, घोंगडीची तक्रार नाही. त्या कागदावर अंगठा उमटलाच नाही, आणि सिद्धाप्पाची बायको त्याला गुन्हेगार म्हणाली, असं या अख्ख्या कचेरीत कुठंही लिहिलेलं सापडणार नाही.