अराबाचा फोन घरात येईना

मंगळवारी आमच्या आपाम गावात कोणी समुद्रावर जात नाही; तो दिवस समुद्राच्या विश्रांतीचा. होड्या वाळूवर ओढलेल्या असतात आणि माणसं रिकामी असतात. त्या मंगळवारी सकाळी टाविया कुटुंबाच्या फाटकासमोर शे-दीडशे माणसं जमली होती, आणि प्रत्येकाने फोन डोक्यावर उंच धरला होता.

"दिसलं, दिसलं! वाचा!"

"माझ्यात नाही दिसत. सरक जरा."

"अरे, तिकडे कोपऱ्यावर जाऊन बघितलं मी. तिथे काही नाही. इथे फाटकाशीच येतंय. म्हणजे घरातूनच!"

फोन उघडला की आसपासच्या वाय-फायची नावं दिसतात, हे आता लहान पोरालाही ठाऊक आहे. त्या यादीत सोमवारपर्यंत 'कोबिना टाविया' असं नाव दिसायचं. त्या घरच्या कोबिनाला पुरून पाच महिने झाले होते. त्याचा अंत्यविधी हॅम्बर्ग आणि टोरोंटोच्या नातेवाइकांना थेट दिसावा म्हणून घरात राऊटर घेतला आणि त्याला त्याचंच नाव दिलं. आज त्या नावाच्या जागी लिहिलं होतं, 'मी झोपलो नाही'.

गर्दीत कोणी रडत होतं, कोणी त्या पडद्याचा फोटो काढून पाठवत होतं. मी खाणावळीतून केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, आणि तळलेला मासा घेऊन घरी चालले होते. माझं वय सदुसष्ट. छत्तीस वर्षं इथल्या शाळेत विज्ञान शिकवलं. तेवढ्या काळात रडणारी मूर्ती पाहिली, रोग्याच्या पोटातून निघालेले खिळे पाहिले, पाण्याचं रक्त झालेलं पाहिलं. प्रत्येकाचा उलगडा करून दाखवला. लोक म्हणाले, "खरंय बाई," आणि पुढच्या चमत्काराला तेच लोक पहिल्या रांगेत. म्हणून मी थांबले नाही. घरी जाऊन जेवले. नंतरचे चार दिवसही मी काही केलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

गुरुवारी नाव बदललं. 'घरच्यांनीच मारलं'.

आता यात फिफी ब्राया उतरला. संदेष्टा फिफी ब्राया. टावियांच्या मागच्या भिंतीला लागूनच त्याचा निळ्या ताडपत्रीचा प्रार्थनेचा मांडव आहे. शाळेत तो माझ्याच वर्गात होता. हुशार, बोलघेवडा, आणि गृहपाठ नेहमी अर्धा. शनिवारी दुपारी तो पांढरा सूट घालून, हातात तेलाची बाटली घेऊन टावियांच्या अंगणात आला. मागे अख्खा गाव. त्याने आपला फोन तिकाटण्यावर लावला, कारण त्याच्या प्रत्येक हालचालीचं थेट प्रक्षेपण होतं.

"मी पाहतोय!" तो डोळे मिटून ओरडला. "पहाटे या घरात पाहुणा शिरला. टेमाहून! त्याचं नाव... क... क..."

"कोजो!" टेमाहून आलेला नातेवाईक कोजोच घाबरून बोलला.

"कोजो! मला सांगू नका, मला सांगितलं गेलंय!"

गर्दीने टाळ्या वाजवल्या. मग फिफीने बैठकीतून राऊटर लांब वायरीसकट आणवला, स्टुलावर ठेवला आणि त्यावर तेलाचे चार थेंब टाकले. (तो बंद कसा पडला नाही, हा त्या दिवसातला एकमेव चमत्कार.) "या पेटीत कोबिनाचं नाव आहे. कोबिना दाराशी उभा आहे. घरातल्या प्रत्येकाने आपला फोन जोडा. ज्याचे हात स्वच्छ, त्याला तो आत घेईल!"

कोबिनाची थोरली बहीण एकुवा पुढे झाली. फोन जोडला गेला. कोजोचा जोडला गेला. कोबिनाच्या दोन्ही मुलींचे जोडले गेले. शेवटी अराबा आली. कोबिनाची बायको. बावीस वर्षं धुरात मासळी भाजून जिने त्या घराच्या मागच्या तीन खोल्या उभ्या केल्या, ती. तिने बोट टेकवलं. फोनवर चक्र फिरत राहिलं आणि मग अक्षरं आली, जोडता येत नाही. तिने पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"पाहिलंत?" फिफी हळू आवाजात म्हणाला. मोठ्याने ओरडला असता तर बरं वाटलं असतं. "नवऱ्याने बायकोला ओळखलं."

"चेटकीण!" मागून कोणीतरी म्हणालं. मग बऱ्याच जणांनी म्हटलं.

एकुवाने हात वर केला. ती वाईट बाई नाही. एक्कावन्न वर्षांचा भाऊ अचानक कोसळला, आणि का, हे तिला कोणी धड सांगितलं नव्हतं. "उद्या चर्च सुटल्यावर कुटुंब बसेल," ती म्हणाली. "तिथे ठरेल. अराबा, तू तुझं सामान बांधून ठेव."

दिवस मावळायच्या आत अराबा माझ्या ओट्यावर येऊन बसली. काळं लुगडं, अंगाला धुराचा वास. मला वाटलं रडेल, पण तिचे डोळे कोरडे होते.

"बाई, नंतर आत जाऊन मी तीनदा करून बघितलं. सगळ्यांचा जातो, माझाच जात नाही."

"अगं, यंत्र आहे ते."

"हो. पण बाई..." तिने फोन पालथा ठेवला. "कदाचित माझ्यातच काही असेल का? माणसाला स्वतःला कळत नाही म्हणतात. झोपेत आत्मा बाहेर पडतो म्हणतात. मीच मारलं असेल का त्याला, बाई?"

माझा सगळा थकवा तेव्हा संतापात बदलला. घर जाणार होतं ते जाणारच होतं, पण ही बाई स्वतःलाच खुनी समजून घरातून निघणार होती. आणि मी चार दिवस केंकी खात बसले होते.

रविवारी सकाळी सगळे चर्चमध्ये असताना मी तिच्या घरी गेले. मला यातलं फार कळतं असं नाही. माझ्या घरी राऊटर बसवला तेव्हा मी त्याची पुस्तिका वाचली होती. पुस्तिका वाचणं एवढीच माझी सिद्धी.

"परवलीचा शब्द कोणाकोणाला ठाऊक आहे?" मी विचारलं.

अराबा माझ्याकडे बघतच राहिली. "सगळ्यांना. फाटकावर आहे की."

फाटकावर कोबिनाच्या अंत्यविधीचा फलक होता, माणसापेक्षा उंच. वर 'केवढा हा धक्का!', खाली फोटो, मग नातेवाइकांची नावं, आणि सगळ्यात खाली पाहुण्यांच्या सोयीसाठी वाय-फायचा शब्द. कोबिनाचं नाव आणि जन्मसाल, जोडून. आमच्याकडे प्रत्येक अंत्यविधीच्या फलकावर हल्ली असंच छापतात. दुःखाला आलेल्या माणसापासून नेट लपवणं म्हणजे पाणी लपवण्यासारखं. आणि पहिल्या स्मृतिदिनाची प्रार्थना होईपर्यंत फलक उतरवायचा नसतो.

मी राऊटर उलटा केला. तेल अजून चिकटच होतं. खाली चिठ्ठी होती. त्यावर आकड्यांचा एक पत्ता, आणि आत शिरण्यासाठी नाव आणि शब्द. कारखान्यातून येताना दोन्ही एकच असतात, 'अॅडमिन'. कोणी ते बदललेले नव्हते. मी माझ्या फोनमध्ये तो पत्ता टाकला, शब्द टाकला, आणि राऊटरचा कारभार माझ्यासमोर उघडला. वाय-फायचं नाव बदलायची जागा तिथेच. कोणकोणते फोन जोडलेले आहेत त्यांची यादी तिथेच, नावांसकट. 'कोजो टेमा' त्यात होतं. आणि 'मज्जाव' अशी एक वेगळी यादी होती. तिच्यात एकच नाव होतं.

"अराबा, हे बघ. काय लिहिलंय?"

तिने वाचलं. मग ती भिंतीला टेकून खाली बसली आणि आता मात्र रडली.

जोडलेल्या फोनांच्या यादीत आणखी एक नाव होतं, 'फिफी ब्राया सेवाकार्य'. भिंतीपलीकडून तो महिनोन्महिने याच घराच्या नेटवर आपली प्रवचनं दाखवत होता. टेमाचा पाहुणा त्याला 'दिसला' तो याच यादीत. शाळेतली सवय गेली नव्हती. लबाडी केली, पण मागचं दार बंद करायचा कंटाळा केला.

दुपारी कुटुंब बसलं. अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या, लाल-काळी वस्त्रं, भिंतीवर चढलेली पोरं. अराबाच्या सामानाची पेटी दाराशी. फिफीचा फोन तिकाटण्यावर.

"फिफी," मी म्हटलं, "तुझा फोन या घराच्या नेटवर आहे का रे?"

"छे बाई!" तो हसला. "माझी जोडणी वरून येते."

"बरं. मग वरून काही तुटणार नाही." मी मांडीवरच्या फोनवर बोट टेकवलं. तिकाटण्याच्या फोनवर फिफीचा चेहरा तोंड उघडं ठेवून गोठला. भिंतीवरचं एक पोरगं ओरडलं, "प्रक्षेपण गेलं!"

मी सांगायला तोंड उघडणार, तोच एकुवाची चुलती गुडघ्यावर बसली. "बाईंच्या अंगात आलंय! बाई, आमच्याही राऊटरला हात लावा!"

"उठ गं," मी म्हटलं. "माझ्या अंगात संधिवात आहे, दुसरं काही नाही."

कोणी हसलं नाही. आणखी दोघी गुडघ्यावर आल्या. मला तिथून उठून घरी जावंसं वाटलं. छत्तीस वर्षं हेच चाललंय. चमत्कार फोडला की लोक फोडणाऱ्याच्या पाया पडतात. पण अराबाची पेटी दाराशी होती. मी एकुवाला शेजारी बसवलं आणि फोन तिच्या हातात दिला.

"मी नाही करत. तू कर. राऊटरखालचं वाच. टाक आकडे. आता नाव. आता शब्द."

"हा तर एकच आहे दोन्हीकडे."

"हो. आता मज्जाव लिहिलंय तिथे दाब."

तिने दाबलं. फिफीचं नाव वाचलं, मी नुकतंच घातलेलं. त्याच्या वरती अराबाचं नाव वाचलं. बाजूला तारीख होती, शुक्रवारची.

"शुक्रवारी? यात शिरता येतं हेच घरात कोणाला ठाऊक नव्हतं," ती सावकाश म्हणाली.

"बाई माझी बदनामी करतायत!" फिफी उभा राहिला. "सैतान यंत्रात शिरतो, हे लिहिलेलं आहे!"

"बस खाली," एकुवा म्हणाली. "बाई, पण का? याचं आमच्याशी काय वैर?"

हे मला सांगायचं नव्हतं, पण तिने विचारलंच होतं. "कोबिनाचा रक्तदाब तुला ठाऊक होता. गोळ्या त्याने कधी सोडल्या? फिफीच्या मांडवातल्या एकवीस दिवसांच्या उपासात. कोणी सांगितलं सोडायला? गावात लोक हे हळूहळू बोलायला लागले होते, एकुवा. फिफीच्याही कानावर गेलं असणार. त्याला दुसरं कोणीतरी गुन्हेगार हवं होतं."

फिफी काहीतरी पुटपुटत तिकाटणं आवरू लागला. कोणी त्याला अडवलं नाही आणि कोणी त्याच्याबरोबर गेलंही नाही. एकुवा फोनकडे बघत होती. मग तिने अराबाच्या नावावर बोट ठेवलं आणि ते त्या यादीतून काढून टाकलं.

"अजून संपलं नाही," मी म्हटलं. "आधी आतलं कुलूप बदला, 'अॅडमिन' चालायचं नाही. मग वाय-फायचा शब्द, लांबलचक, ज्यात कोणाचं नाव नाही, साल नाही. अराबा, तू टाक. आणि फलकावर छापू नकोस."

अराबाने पदराआड फोन धरून दोन्ही शब्द टाकले आणि आपला फोन जोडून घेतला. क्षणभराने अंगणात सगळीकडे फोन कुरकुरू लागले. शब्द बदलला की जुन्या शब्दावरचे सगळे फोन बाहेर पडतात. कोजोचा गेला. मुलींचे गेले. पाहुण्यांचे गेले.

एकुवाने आपला फोन वर धरला. जोडता येत नाही. पुन्हा केलं. जोडता येत नाही. त्या सगळ्या अंगणात आता एकच फोन आत होता.

"मला पण नाही म्हणतंय," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता.

"त्याला काही कळत नाही, ताई," अराबा म्हणाली. "मला नाही म्हणालं तेव्हाही कळत नव्हतं. तुम्हाला कळत होतं."

एकुवा उठली, दाराशी गेली, अराबाची पेटी उचलली आणि स्वतः आत नेऊन ठेवली. बाहेर आल्यावरही तिला शब्द सांगायची अराबाला घाई नव्हती, आणि मीही आग्रह केला नाही.

म्हणून, वाचणाऱ्यांनो, थकलेल्या माणसाची एवढी विनंती. घरातला राऊटर आज उलटा करून बघा. खालचा शब्द अजून तोच असेल तर बदला. आणि एखादं यंत्र किंवा एखादा संदेष्टा तुमच्या घरातल्या बाईकडे बोट दाखवू लागला, तर तिला सामान बांधायला सांगण्याआधी विचारा की हे नेमकं कसं झालं. आम्ही हे कोबिनाने गोळ्या सोडल्या तेव्हाच विचारलं असतं, तर तो आज त्या अंगणात बसला असता.