दोन बोयांच्या मधून

उर्वशी मागच्या दारी बांगडे साफ करत बसली होती. नाना आले, तिच्यासमोर एक छापील कागद ठेवला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर नारळाची करवंटी पालथी घातली.

"सय कर," ते म्हणाले.

नाना म्हणजे तिचे सासरे. चाळीस वर्षं तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, म्हणून काढलेला माणूस. मोजकं बोलायचे, आणि बोलले की पुन्हा विचारायची सोय नसे. उर्वशीने मान तिरकी करून कागद वाचला. 'ऑटोस्लॅलम. हौशी चालकांसाठी. नवशिका गट.' चालकाचं नाव, उर्वशी सुदेश मालंडकर. गाडी, मारुती ८००. मागे तिच्या लायसनची झेरॉक्स टाचलेली. सगळं भरलेलं, फक्त सहीची जागा रिकामी.

तिच्या हातातला बांगडा निसटून परातीत पडला.

"नानानू, ह्यां काय?"

"शर्यत आसा. आयतवारी, कुडाळाक. नारिंगी टोपये मांडतत, तेंच्यामधसून गाडी नागमोडी काढूची. एका वक्ताक एकच गाडी. रिक्षावाल्या बाबल्यान सांगल्यान."

"पण माका गाडी खंय येता?"

"लायसन काय बाजारात गावला तुका?" नाना म्हणाले. मग त्यांनी कमरेवर हात ठेवला. "एकव टोपी पडली नाय, तर चावी तुझी. पडली, तर परत हय."

आणि गेले. दीड वर्षाच्या रियाने तेवढ्यात करवंटी पळवून डोक्यावर घातली होती. उर्वशीने हात पदराला पुसले आणि सही केली. पुढचामागचा विचार न करता केली. धक्का बसला की माणूस समोरचं काम तेवढं उरकतो, तसं. सहीवर बांगड्याचं एक खवलं चिकटून राहिलं, तेही तिच्या लक्षात आलं नाही.

आता ही चावी नानांच्या कमरेला का, ते सांगायला हवं.

सुदेश जहाजावर नोकरीला. सुट्टीत घरी आला, की तेवढ्यात सगळं उरकायची घाई. मागच्या वर्षी त्याने जुनी मारुती घेतली, उर्वशीला मालवणात क्लास लावून दिला आणि लायसनही काढून दिलं. मे महिन्यात होड्या पावसाळ्यासाठी वर ओढल्या होत्या. नानांची होडी अंगणात उपडी घातलेली. उर्वशीने पहिल्यांदाच एकटीने गाडी मागे घेतली आणि ती थेट होडीवर घातली. फळी फुटल्याचा आवाज तिला अजून आठवतो. नाना ओरडले नाहीत. शांतपणे आले, गाडीतली चावी काढली आणि करगोट्याला बांधली. जूनमध्ये सुदेश गेला. चावी होती तिथेच राहिली. आठवड्यातून एकदा सुदेशचा दोस्त बाबली आपली रिक्षा बाजूला लावून यायचा, नाना त्याच्या हातात चावी ठेवायचे, तो गाडी पाच मिनिटं चालू ठेवायचा आणि चावी परत करगोट्याला.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा पाण्यात गेल्या. नाना समुद्रात असताना एका दुपारी रियाला ताप चढला आणि आकडी आली. डोळे फिरले, हातपाय ताठ. गाडी दारात उभी होती. उर्वशी तिच्याकडे न बघता, पोरीला खांद्यावर टाकून रस्त्याने धावत सुटली. देवळापर्यंत धावली तेव्हा बाबलीची रिक्षा दिसली. डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत." रिया बरी झाली. त्या दिवसाबद्दल घरात पुढे कुणी शब्द काढला नाही. नानांनी नाही, उर्वशीनेही नाही. पण तेव्हापासून अंगणातून जाताना ती त्या गाडीकडे पाठ करून जायची.

आणि आता हा कागद.

आठवडाभर ती दुपारी रिया झोपली की जमिनीवर सुपाऱ्या मांडायची आणि रियाची लाकडी गाडी त्यांच्यामधून फिरवायची. डावीकडून, उजवीकडून, डावीकडून. सोपं होतं. तिला एवढंच हवं होतं, की पोर पुन्हा कधी तशी ताठ झाली तर आपल्याला धावत सुटावं लागू नये. रिया मधेच उठून एक सुपारी तोंडात घालायची आणि सराव संपायचा.

रविवारी बाबलीने गाडी चालवली. नाना पुढे, उर्वशी आणि रिया मागे. कुडाळजवळ एका बंद कारखान्याचं डांबरी पटांगण होतं. तिथे टेबलामागे बसलेल्या गृहस्थांनी उर्वशीचा कागद उचलला, उजेडात धरला आणि सहीवरचं खवलं नखाने काढलं.

"हे काय आहे?"

"बांगडो," बाबली म्हणाला.

मग गाडीची तपासणी. आत सुटं काही चालत नाही म्हणाले. रियाची दुपटी, दुधाची बाटली, खुळखुळा आणि डिकीतले बाबलीचे सात नारळ टेबलाशेजारी ढीग करून ठेवले. नियम भोंग्यावरून सांगितले: आठ कोन एका रांगेत, पहिल्या दोघांच्या मधून आत, पुढच्या दोघांच्या मधून बाहेर, असं शेवटपर्यंत, मग वळसा घालून तसंच परत. कोन पडला तर वेळेत पाच सेकंदांची भर. चुकीच्या बाजूने गेलात तर फेरी बाद. प्रत्येकी तीन फेऱ्या.

नवशिक्या गटात नऊ जण. आठ पुरुष आणि ती.

"वैनी, घाबरू नको," बाबली चावी देत म्हणाला. "आठ टोपये आसत. होडी एकव नाय."

"गप रव, मेल्या."

हेल्मेट घातल्यावर जगाचा आवाज बंद झाला. झेंडा खाली आला. गाडी बरी निघाली, दुसरा गिअरही पडला. आणि समोर ते कोन आले. करड्या डांबरावर, एका ओळीत, नारिंगी. आता डावीकडे, आता मधे, असं ती स्वतःला सांगत होती. पण हात वळेनात. पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी आचका देऊन मंदावली आणि उर्वशीने अख्खी रांग उजव्या हाताला ठेवून बाहेरून बाहेरून शेवट गाठला, सुंदर वळसा घातला आणि दुसऱ्या बाजूने, तशीच बाहेरून, परत आली. एकही कोन हलला नाही.

"फेरी बाद," भोंगा म्हणाला. "चालक एकाही कोनामधून गेलेल्या नाहीत."

हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "ताईंनी प्रदक्षिणा घातली!"

उर्वशी स्टिअरिंगवरच्या आपल्या हातांकडे बघत राहिली. दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे ते हात. सांगितलेलं ऐकलं नव्हतं त्यांनी. आणि मग तिला उमगलं.

दहा वर्षांची होती. वडिलांनी होडीचं सुकाणू पहिल्यांदा तिच्या हाती दिलं होतं. समोर दोन नारिंगी बोये तरंगत होते आणि तिने मजेत होडी त्यांच्या मधून घातली. दोन बोयांच्या मधे पाण्याखाली जाळं असतं. मुस्तफाभाईंचं जाळं होडीच्या पंख्यात गुंतून फाटलं. आयुष्यात वडिलांनी एकदाच हात उगारला, तो त्या दिवशी. मग तिला सोबत घेऊन ते मुस्तफाभाईंच्या दारी गेले आणि तीन दिवस त्यांच्या ओटीवर बसून जाळं विणून दिलं. दुसऱ्याच्या बोयांमधून होडी घालायची नाही, लांबून वळसा घ्यायचा. हे तिला पुन्हा शिकवावं लागलं नाही. आता तर जमिनीवरही विसरता येत नव्हतं.

ती उतरली. कुणाला काय सांगणार? बाबली रिक्षावाला, त्याला हसू आवरत नव्हतं. नाना मात्र हसत नव्हते. ते कोनांकडे बघत होते, मग तिच्याकडे, पुन्हा कोनांकडे.

"बोये दिसले तुका," ते हळूच म्हणाले.

तिने मान डोलावली.

नानांनी रियाला बाबलीच्या कडेवर दिलं, चपला काढल्या आणि चालत पटांगणात शिरले.

"आजोबा! अहो आजोबा, ट्रॅकवर यायचं नाही!" भोंगा ओरडला.

नाना थांबले नाहीत. पहिल्या आणि दुसऱ्या कोनापाशी पोचले आणि क्षणभर अडखळले. उर्वशीने ते पाहिलं. चाळीस वर्षांत त्या माणसाने दुसऱ्याचं जाळं ओलांडलं नव्हतं. मग त्यांनी अनवाणी पाय पुढे घातला, डांबरावर घासला, आणि मधून गेले. दुसऱ्या-तिसऱ्यामधून बाहेर. तिसऱ्या-चौथ्यामधून आत. दरवेळी पाय घासून बघत. उन्हात डांबर तापलेलं, धोतराचा सोगा एका हातात धरलेला, आणि शर्यतीचे लोक अवाक होऊन उभे. शेवटच्या कोनाला वळसा घालून ते तसेच नागमोडी परत आले.

"आसा खंय जाळां?" त्यांनी विचारलं.

"नाय," उर्वशी म्हणाली.

"मगे जा."

दुसऱ्या फेरीत तिने डोळे मोठे करून, दात आवळून गाडी आत घातली. दोन कोन पडले, पण ती मधून गेली. हसणारे गप्प झाले. तिसऱ्या फेरीत जाताना एकही पडला नाही. येताना सात पार झाले. आता शेवटचा. तिला रिया दिसली, बाबलीच्या कडेवरून दोन्ही हात पुढे करणारी, आणि त्या अर्ध्या क्षणात मागचं चाक कोनाला लागलं. कोन आडवा झाला आणि गरगरत नानांच्या पायाशी जाऊन थांबला.

नऊ जणांत ती सातवी आली. ते तिने ऐकलंही नाही. ती सरळ नानांपाशी गेली आणि चावी पुढे केली.

"घेवा."

नाना कोन उचलून उभा करत होते. चावीकडे त्यांनी पाहिलं नाही.

"रियाक आकडी इली त्या दिसा," ते म्हणाले, "गाडी दारात होती. चेडू तुझ्या खांद्यार. आणि चावी खंय होती? माझ्या कमराक. मी समुद्रात, आणि चावी माझ्या कमराक."

पाच महिने तिने जे मनातसुद्धा पुरतं बोलून बघितलं नव्हतं, ते हा माणूस भर पटांगणात बोलत होता.

"बंदरार इलंय तेवा आयकलंय. तेवापासून रातदीस टोचता ती चावी."

"मगे दिलात कित्याक नाय?"

"कशी दिवची? तू गाडयेकडे बघूक तयार नाय. तोंडान सांगूक माका जमला नाय." त्यांनी कोन नीट बसवला. "सुकाणू दिवच्या आधी हात बघतत गो. तुझो हात बघलंय."

"पण एकव टोपी पडता नये म्हटलात..."

"काय तरी अट घालूक व्हयी ना? तांडेल आसंय मी."

तिला हसायला येत होतं आणि डोळे भरून येत होते, आणि दोन्ही एकदम करायला हेल्मेट अडचणीचं होतं. तिने ते काढलं. तोवर नानांनी बाबलीकडून रियाला घेतलं होतं आणि मागचं दार उघडत होते.

"बाबल्या, तू एस.टी.न ये."

"आँ? नानानू, माका कित्याक?"

"पुढे बसलंस तर तिका शिकवत रवशीत."

मागच्या सीटवर नाना बसले. एका हाताने रियाला पोटाशी धरलं, दुसऱ्या हाताने पुढची सीट घट्ट पकडली. बोटांची पेरं पांढरी झाली होती. समुद्रात कधी कसली भीती न बाळगलेला माणूस.

उर्वशीने गाडी सुरू केली. फाटकाशी वाट दाखवायला दोन कोन मांडले होते. पाय ब्रेकवर गेलाच.

"जा," मागून आवाज आला. "जाळां नाय."

ती मधून गेली. आरशात बाबली धावत येताना दिसला, दोन्ही काखांत नारळ, काही तरी ओरडत.

"थांबू काय?" तिने विचारलं.

"नको," नाना म्हणाले. "थांबलंस तर परत चालू करूची लागतली."